डिचोलीएवढाही नाही, तरी देश

"बाई, आपला डिचोली तालुका लिश्टेनस्टाइनपेक्षा मोठा आहे. मग तो देश आणि आपण तालुका, असं का?"

हा प्रश्न मला पहिल्यांदा सातवीतल्या एका मुलानं विचारला, त्याला तीसेक वर्षं झाली. मी भूगोल शिकवायचे. नकाशाचं प्रमाण कळावं म्हणून मुलांना आलेखाच्या कागदावर गोवा काढून कापायला लावायचे आणि मग त्याच प्रमाणात दुसरा एखादा प्रदेश कापून त्यावर ठेवायला सांगायचे. बहुतेक मुलं महाराष्ट्र नाहीतर केरळ घेऊन यायची आणि गोवा त्याखाली दिसेनासा व्हायचा. या मुलाला ते सहन झालं नसावं. त्यानं ॲटलासच्या शेवटच्या पानांवरून हुडकून लहान देश काढले. लिश्टेनस्टाइन 160 चौरस किलोमीटर, सान मारिनो 61, माल्टा 316. ते कपटे त्यानं गोव्यावर नीट मांडले, पंख्यानं उडू नयेत म्हणून वर तळहात धरला, आणि मग विचारलं.

मी म्हटलं, "त्यांचं सरकार स्वतंत्र आहे म्हणून." घंटा झाली. उत्तर खोटं नव्हतं, पण मुलाचा हात अजून कागदावर तसाच होता.

त्यानंतर हा प्रश्न मला कितीतरी जणांनी विचारला. स्पर्धा परीक्षेला बसणाऱ्या मुलींनी, वाचनालयातल्या व्याख्यानानंतर थांबलेल्या पालकांनी, एकदा तर फेरीबोटीत शेजारी उभ्या असलेल्या गृहस्थांनी. गोव्यात या प्रश्नाला एक वेगळी धार असते. कुणी कुतूहलानं विचारतं, कुणाच्या आवाजात थोडी दुखरी जागा असते. म्हणून आज सगळं सविस्तर लिहिते. तुम्ही विचारलंत म्हणून.

आधी हिशेब मांडू. गोव्याचं क्षेत्रफळ 3702 चौरस किलोमीटर. लक्झेंबर्ग 2586, मॉरिशस 2040, म्हणजे हे दोन्ही देश आपल्याहून लहान. सिंगापूर आपल्यात पाचेक वेळा बसेल, मालदीवची सगळी बेटं एकत्र केली तर बारा वेळा. एकटी सत्तरी माल्टापेक्षा मोठी. मुरगाव हा आपला सगळ्यात लहान तालुका, तोसुद्धा सान मारिनोहून मोठा. माणसं मोजली तरी तेच. राष्ट्रकुल संघटना ज्यांना 'लहान राष्ट्रं' म्हणते त्यांची मर्यादा साधारण 15 लाख लोकसंख्येची. 2011 च्या जनगणनेत गोवा 14 लाख 58 हजार होता. तेव्हा आकाराकडे बघून काही ठरत नाही, हे त्या मुलानं कागद कापून सिद्धच केलं होतं.

मग ठरतं कशानं? पुस्तकी उत्तर एका करारात सापडतं. 1933 साली उरुग्वेच्या मॉन्टेव्हिडिओ शहरात अमेरिका खंडातल्या देशांनी तो केला. कायम राहणारी लोकसंख्या, ठरलेला भूभाग, सरकार आणि इतर देशांशी व्यवहार करण्याची क्षमता, या चार गोष्टी ज्याच्याकडे आहेत ते राज्य. किती माणसं, किती जमीन, याचा आकडा त्यात नाही. मी ही चार कलमं फळ्यावर लिहायचे आणि मग एकेक देश घेऊन तपासायला सांगायचे. गंमत अशी की जितका देश लहान, तितकं एखादं कलम डळमळायचं.

व्हॅटिकनचंच बघा. जगातला सगळ्यात लहान देश, 44 हेक्टर. गोव्यात आपण जमीन मीटरांत मोजतो, गुंठा-एकर इथे कुणाच्या तोंडी नाही. तेव्हा आपल्या भाषेत चार लाख चाळीस हजार मीटर. एखाद्या भाटकाराच्या, म्हणजे जमीनदाराच्या, सगळ्या भाटांची (बागांची) बेरीज केली तर एवढी भरेल. माणसं हजाराच्या आत, आणि त्यातलं कुणीही जन्मानं तिथलं नागरिक होत नाही. नागरिकत्व कामाबरोबर मिळतं, काम संपलं की जातं. स्विस पहारेकरी नोकरी सोडून गावी परतला की तो पुन्हा नुसता स्विस. कायम लोकसंख्या म्हणावी तर ती कुठे आहे? आणि त्याहून मोठी गोष्ट अशी की 1870 साली इटलीनं रोम घेतलं, तेव्हापासून 1929 च्या लॅटरन करारापर्यंत पोपच्या हातात मान्य असा भूभागच नव्हता. एकोणसाठ वर्षं. पण त्या काळातही कितीतरी देशांचे राजदूत पोपच्या दरबारी येत राहिले. जमीन नव्हती, तरी बोलणारे होते.

इथे मला उत्तराचं पहिलं टोक सापडलं. चौथं कलम बाकीच्या तिघांना सांभाळून घेतं. दुसरे देश तुमच्याशी देश म्हणून बोलतात का, यावर बरंच अवलंबून आहे. इंग्लंडच्या किनाऱ्यापलीकडे समुद्रात महायुद्धाच्या वेळचा एक मनोरा आहे. रॉय बेट्स नावाच्या माणसानं 1967 साली तो ताब्यात घेऊन 'सीलँड' जाहीर केलं. झेंडा, नाणी, पासपोर्ट, सगळं केलं. आजवर एकाही देशानं मान्यता दिली नाही.

लिश्टेनस्टाइनची कथा मात्र मला फार आवडते, कारण तो देश चक्क विकत घेतलेला आहे. लिश्टेनस्टाइन हे व्हिएन्नातलं श्रीमंत घराणं. जमिनी पुष्कळ, पण पवित्र रोमन साम्राज्याच्या सभेत बसायला जागा नाही, कारण त्यासाठी थेट सम्राटाच्या अखत्यारीतली जमीन हवी. म्हणून त्यांनी 1699 साली शेलेनबर्ग आणि 1712 साली फाडुत्स असे आल्प्समधले दोन मुलूख घेतले. 1719 साली सम्राटानं ते जोडून संस्थान केलं आणि घराण्याचं नाव त्याला दिलं. पुढे शंभर वर्षं त्या घराण्यातला कुणी राजा तिकडे फिरकलाही नाही. जमीन खुर्चीसाठी घेतली होती. साम्राज्य बुडालं, सभा गेली, खुर्ची गेली, आणि ज्या शेतकऱ्यांना कुणी विचारलं नव्हतं त्यांचा देश मात्र उरला. 1920 साली त्यांनी राष्ट्रसंघाकडे अर्ज केला, तो नामंजूर झाला. देश फार लहान, सैन्य नाही, बरीचशी कामं शेजाऱ्यांवर सोपवलेली, अशी कारणं निघाली. आजही त्यांचं चलन स्विस फ्रँकच आहे. पण 1990 साली संयुक्त राष्ट्रसंघानं त्यांना घेतलं. सत्तर वर्षांत लिश्टेनस्टाइन एका मीटरानंही वाढलं नव्हतं. बदललं होतं ते जगाचं मत.

आता आपल्या जवळचं उदाहरण. हे मी शिकवायला लागले की वर्गात टाचणी पडली तरी ऐकू यायची, आणि दरवेळी मला वाईट वाटायचं की पाठ्यपुस्तकात ते दोन ओळींत उरकलेलं असतं. दादरा आणि नगर हवेली. दमणच्या पाठीमागे, चहूबाजूंनी भारतानं वेढलेले पोर्तुगीज मुलूख. जुलै-ऑगस्ट 1954 मध्ये युनायटेड फ्रंट ऑफ गोवन्स, आझाद गोमंतक दल आणि इतर स्वयंसेवकांनी ते मुक्त केले. पोर्तुगीज सैन्याला तिथे पोचायचं तर भारतातून जावं लागणार, आणि भारतानं वाट दिली नाही. मग काय झालं? भारतानं तो प्रदेश लगेच आपल्यात घेतला नाही. पोर्तुगाल तर परत मिळवू शकत नव्हता. सात वर्षं तिथे वरिष्ठ पंचायतीनं कारभार केला.

फळ्यावरची चार कलमं लावून बघा. भूभाग 491 चौरस किलोमीटर, अँडोरापेक्षा मोठा. लोक पिढ्यान्‌पिढ्या तिथलेच, बहुतेक वारली, कोकणा, धोडिया. कारभार चालू. तीन कलमं पुरी. तरी नकाशावर तो देश कधी उमटला नाही. 1955 च्या डिसेंबरात संयुक्त राष्ट्रसंघात प्रवेश मिळताच पोर्तुगालनं आठवड्याभरात हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात भारताविरुद्ध दावा लावला, की आम्हाला जायला वाट द्या. 1960 च्या एप्रिलमध्ये निकाल लागला: सामान्य माणसं, मुलकी अधिकारी आणि माल यांच्या जाण्या-येण्याचा हक्क पोर्तुगालला होता, सैन्याचा नव्हता. आणि 1954 च्या उठावानंतर भारतानं वाट अडवली त्यात हक्कभंग झाला नाही. एवढा मोठा खटला झाला, पण त्यात वादी पोर्तुगाल, प्रतिवादी भारत. ज्या प्रदेशाबद्दल सगळं चाललं होतं त्याला न्यायालयात उभं राहायला जागाच नव्हती.

1961 साली विलीनीकरणाची वेळ आली तेव्हा एक पेच पडला. करार दोन बाजूंनी करायचा असतो. एका बाजूला पंतप्रधान नेहरू, दुसऱ्या बाजूला कोण? तेव्हा के. जी. बदलानी या आयएएस अधिकाऱ्याला दादरा-नगर हवेलीचा पंतप्रधान नेमण्यात आलं आणि त्यांनी त्या नात्यानं करारावर सही केली. त्या सहीपुरता तो देश होता. सही वाळायच्या आत तो नाहीसा झाला, आणि तिथल्या लोकांना नेमकं तेच हवं होतं. वरिष्ठ पंचायतीनं तसा ठरावच केला होता.

मॉन्टेव्हिडिओच्या कागदावर नसलेली गोष्ट मला इथे दिसली. तिथल्या माणसांना काय व्हायचं आहे? दादरा-नगर हवेलीला देश व्हायचंच नव्हतं. गोव्यालाही नव्हतं. 19 डिसेंबर 1961 ला गोवा मुक्त झाला तो भारतात येण्यासाठी. पोर्तुगालनं मात्र ते तेरा वर्षं मानलं नाही. तिथली हुकूमशाही कोसळल्यावर, 31 डिसेंबर 1974 ला करार होऊन भारताचं सार्वभौमत्व त्यांनी मान्य केलं. 1961 ते 1974 मी डिचोलीत वाढले, शाळेत जनगणमन म्हणत होते, आणि लिस्बनच्या कागदांत मी अजून त्यांच्या 'इश्तादु द इंदिया'त, म्हणजे पोर्तुगीज भारतात, होते. गोव्यात 1961 पूर्वी जन्मलेल्यांना आणि त्यांच्या मुला-नातवंडांना आजही पोर्तुगीज नागरिकत्व मागता येतं, ते त्या जुन्या कागदांमुळेच. माझ्या वर्गात बसलेली कितीतरी मुलं त्या वाटेनं इंग्लंडला गेली.

गोव्याला देश व्हायचं नव्हतं, पण लहान राहायचं की नाही हा प्रश्न आम्हालाही विचारला गेला. 16 जानेवारी 1967. मी बारा वर्षांची होते. महाराष्ट्रात विलीन व्हायचं असेल तर फूल, केंद्रशासित राहायचं असेल तर दोन पानं. माझे बाबा फुलाचे. मराठी वाचून, मराठी कीर्तनं ऐकून वाढलेला माणूस. आपण महाराष्ट्रापासून वेगळे आहोत ही कल्पनाच त्यांना परकी वाटायची, पोर्तुगिजांनी आखलेली रेषा आपण का जपायची असं ते म्हणायचे. त्यांची धाकटी बहीण, माझी आत्या, चोडण बेटावर दिलेली. तिथल्या खाजनात, म्हणजे खाडीकाठच्या सखल शेतांत, भरतीचं खारं पाणी शिरू नये म्हणून बांधाला लाकडी दारांची मोरी असते, ती मानस. आत्या दोन पानांची. संक्रांतीच्या वाणाचं निमित्त करून ती माहेरी आली होती. स्वयंपाकघराच्या दाराशी उभी राहून तिनं बाबांना विचारलं, "दादा, आमच्या मानशीचं दार कुजलं तर मी मुंबईत कुणाला जाऊन सांगू?"

बाबांनी उत्तर दिलं नाही. मतं मोजली गेली आणि सुमारे 34 हजारांच्या फरकानं दोन पानं जिंकली. बाबा कितीतरी दिवस आत्याचं नाव घेत नव्हते. पुढे चतुर्थीला तीच पाटोळ्या घेऊन आली आणि बोलणं सुरू झालं, पण त्या विषयावर दोघांनीही मरेपर्यंत... चुकले, आत्या आहे अजून. बाबा गेले. मला बाबांचं दुःख तेव्हाही कळत होतं आणि आजही मराठीत लिहिताना ते माझ्याजवळ असतं. पण आत्याचा तो प्रश्न मला जगातल्या सगळ्या लहान देशांच्या घटनांमध्ये वाचायला मिळाला आहे.

सान मारिनोमध्ये तर तो ठळक दिसतो. इटलीच्या पोटात, एका डोंगरावर वसलेलं हे प्रजासत्ताक. 301 साली मारिनुस नावाच्या पाथरवटानं ते स्थापलं असं तिथली परंपरा सांगते. तिथे राष्ट्रप्रमुख एक नसतो, दोन असतात, आणि तेही सहा महिन्यांसाठी. 1 एप्रिल आणि 1 ऑक्टोबरला नवी जोडी येते. ही रीत 1243 पासून चालू आहे. 1797 साली नेपोलियननं त्यांना आणखी मुलूख देऊ केला. त्यांनी नको म्हटलं. आहे तेवढं पुरे. मुलूख वाढला असता तर नेपोलियन पडल्यावर शेजाऱ्यांनी तो परत घेताना मूळचा डोंगरही गिळला असता, असं मला नेहमी वाटतं. दुसऱ्या महायुद्धात पंधरा हजार वस्तीच्या या देशानं लाखभर निर्वासितांना आसरा दिला, आगगाडीच्या बोगद्यांतसुद्धा माणसं राहिली. लहान घर, आणि दारं उघडी.

जगायचं कसं, हा पुढचा प्रश्न मुलं हमखास विचारतात. मोनॅकोचं उत्तर सगळ्यांना माहीत असतं. 1861 साली त्यांनी मांताँ आणि रोकब्र्यून ही दोन गावं फ्रान्सला देऊन टाकली, म्हणजे देशाचा बहुतेक सगळा भूभाग गेला. लिंबं-ऑलिव्हचं उत्पन्न गेलं, म्हणून कॅसिनो आला आणि 1869 ला प्राप्तिकर उठला. आज दोन चौरस किलोमीटरांवर त्यांचं चाललं आहे, समुद्रात भर घालून जमीन वाढवतात. तिथल्या नागरिकांना स्वतःच्या कॅसिनोत जुगार खेळता येत नाही. आपल्याकडेही 2020 पासून गोमंतकीयांना कॅसिनोत मज्जाव आहे. मांडवीतली ती जहाजं बघून मला यावर अधिक लिहावंसं वाटत नाही.

नाउरूवर मात्र लिहायलाच हवं.

प्रशांत महासागरातलं 21 चौरस किलोमीटरांचं एकच बेट. समुद्रपक्ष्यांच्या विष्ठेशी ज्याचा संबंध जोडतात ते उत्तम प्रतीचं फॉस्फेट तिथे सापडलं, आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून परक्यांनी ते खणून नेलं. ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंडची शेतं त्यावर पिकली. 1968 ला देश स्वतंत्र झाला आणि दोन वर्षांत फॉस्फेट त्यांच्या हाती आलं. दरडोई उत्पन्नात नाउरू जगात वरच्या रांगेत गेला. मेलबर्नला त्यांनी बावन्न मजली इमारत बांधली. कर नाही, इलाज फुकट. पुढच्या पिढ्यांसाठी ठेव बाजूला काढली होती, ती नीट सांभाळली गेली नाही. फॉस्फेट सरत आलं, कर्जं वाढली, 2004 साली ती इमारत विकावी लागली. बेटाचा सुमारे 80 टक्के भाग खणून झाला होता. उरले ते चुनखडीचे उंच सुळके. त्यावर ना घर बांधता येत, ना झाड लावता येत. लोक किनाऱ्यालगतच्या चिंचोळ्या पट्टीत राहतात.

2013 साली मी या सुळक्यांचं चित्र वर्गात दाखवलं. आदल्या वर्षी आमच्याकडच्या लोहखनिजाच्या खाणी बंद पडल्या होत्या. माझ्या भावाचे दोन ट्रक अंगणात उभे होते, त्यांच्या टपांवर पालापाचोळा साचला होता आणि बँकेचा हप्ता चुकत नव्हता. वर्गातल्या निम्म्या मुलांच्या घरी तीच स्थिती. पारावरच्या ज्या झाडाची पानं मी नोकरीला लागल्यापासून खाणीच्या धुळीनं तांबडीच बघितली होती, ती त्या पावसाळ्यानंतर पहिल्यांदा हिरवी राहिली, आणि त्याच झाडाखाली बसून मुलांचे वडील दिवस काढत होते. चित्र बघून शेवटच्या बाकावरच्या मुलीनं विचारलं, "बाई, तिथे खड्ड्यांत पाणी भरत नाही?" आमच्याकडे खाण सोडली की तिचं तळं होतं, ती ते रोज येता-जाता बघायची. तिला नाउरूबद्दल काही समजावून सांगावं लागलं नाही.

नाउरू देश असल्यामुळे एक गोष्ट त्यांना करता आली. 1989 साली या चिमुकल्या देशानं ऑस्ट्रेलियाला आंतरराष्ट्रीय न्यायालयात खेचलं, की स्वातंत्र्यापूर्वी तुम्ही आमची जमीन खणून उजाड केलीत, भरपाई द्या. 1993 ला तडजोड झाली, ऑस्ट्रेलियानं 10 कोटी 70 लाख ऑस्ट्रेलियन डॉलर द्यायचं कबूल केलं. आपल्याकडे 2014 साली सर्वोच्च न्यायालयानं खनिजाच्या उत्पन्नातून पुढच्या पिढ्यांसाठी कायम निधी राखायला सांगितलं. दोन्ही गोष्टी मी मुलांना शेजारी शेजारी लिहून द्यायचे. आणि सांगायचे की नाउरूकडेही ठेव होती, ठेव असणं आणि ती राखणं यात पिढी बदलते.

आमच्या वाड्यावर एक तारवटी आहे. मालवाहू जहाजांवर त्याचं आयुष्य गेलं. मी एकदा किरिबाटी म्हटलं तेव्हा त्यानं मला दुरुस्त केलं. "किरिबास म्हणा बाई. माझ्याबरोबर होते तिथले. ते 'टीआय' लिहितात आणि 'स' म्हणतात." नकाशावर हा देश शोधताना मुलं हिरमुसायची, कारण दिसायला काहीच नसतं. जमीन जेमतेम 811 चौरस किलोमीटर. मग मी त्यांना समुद्र मोजायला सांगायचे. किनाऱ्यापासून 200 सागरी मैलांपर्यंतच्या मासळीवर, तळावर त्या त्या देशाचा हक्क असतो. किरिबासची बेटं इतकी विखुरलेली की त्यांच्या हक्काचा समुद्र 30 लाख चौरस किलोमीटरांच्या वर भरतो. भारताचा सुमारे 23 लाख. तिथे ट्यूना पकडायला येणाऱ्या परदेशी बोटींच्या परवान्यांवर त्यांच्या सरकारचा मोठा खर्च भागतो. जमिनीच्या नकाशावर कागदाचा कपटा, आणि समुद्राच्या नकाशावर खंडाएवढा देश.

समुद्राचे हे कायदे घडवण्यातही एका लहान देशाचा हात आहे. 1 नोव्हेंबर 1967 ला माल्टाचे राजदूत आर्विद पार्दो संयुक्त राष्ट्रसंघात बोलायला उभे राहिले. स्वातंत्र्य मिळून माल्टाला तीनच वर्षं झाली होती. खोल समुद्राचा तळ कुणा एका देशाचा नसावा, तो सगळ्या मानवजातीचा सामायिक वारसा मानावा, असं त्यांनी मांडलं. 1982 च्या सागरी कायद्यात ते तत्त्व आलं. पार्दोंचं भाषण झालं ते 1967, आमच्याकडे फूल की दोन पानं हा जनमत कौल झाला तेच वर्ष. अलीकडचं उदाहरण वानुआतूचं. हवामानबदलाबाबत देशांची कर्तव्यं काय, हे आंतरराष्ट्रीय न्यायालयाला विचारावं ही कल्पना प्रशांतातल्या कायद्याच्या विद्यार्थ्यांनी काढली, वानुआतूनं ती उचलली, 2023 ला आमसभेत ठराव झाला आणि 2025 च्या जुलैत न्यायालयानं आपलं मत दिलं. आमसभेत मत एकेकच असतं, चीनचंही आणि तुवालूचंही. विद्यार्थ्यांनी सुरू केलं हे सांगताना मला अजून भरून येतं.

आणि तुवालू. 26 चौरस किलोमीटर, अकरा हजारांच्या आसपास माणसं. इंटरनेटवरच्या पत्त्यांतलं 'टीव्ही' हे शेपूट या देशाचं, त्याच्या कमाईतून संयुक्त राष्ट्रसंघात शिरण्याचा खर्च निघाला. जमीन समुद्रसपाटीपासून चार-पाच मीटरांच्या वर कुठेच नाही, आणि समुद्र चढतो आहे. 2023 साली त्यांनी आपली घटना बदलली आणि त्यात लिहिलं की हवामानबदलानं भूभाग गेला तरी तुवालू हे राज्य कायम राहील. त्याच वर्षी ऑस्ट्रेलियाशी करार केला. दरवर्षी 280 जणांना तिथे जाऊन राहता येईल, आणि भूभाग बुडाला तरी तुवालूचं राज्यपण चालू राहील हे ऑस्ट्रेलियानं मान्य केलं. ठरलेला भूभाग, हे फळ्यावरचं दुसरं कलम. ते पुसलं जाईल त्या दिवशीही आम्ही देश असू, असं त्यांनी आधीच लिहून ठेवलं आहे.

गेल्या महिन्यात रायबंदरहून फेरी घेऊन आत्याकडे गेले होते. एक्याऐंशी वर्षांची आहे, काठी घेऊन चालते. मला खाजनावर घेऊन गेली. जिथे तिच्या लग्नानंतर कोरगुट भाताची शेतं होती तिथे आता खारं पाणी उभं आहे. काही वर्षांपूर्वी बांध फुटला. आज दुरुस्त होईल, उद्या होईल करत राहिला. मानशीची लाकडी दारं गेली, दगडी खांब तेवढे उरलेत, त्यांना कालवं चिकटली आहेत. शेतात खारफुटी डोक्याच्या वर गेली आहे, तिच्या बुंध्यांशी भरतीच्या पाण्याची रेष दिसते. कुणाला सांगितलंस का, असं विचारायला माझी जीभ रेटेना. सगळ्यांना सांगून झालं आहे. मुंबईला जावं लागलं नाही.

घरी आल्यावर तिनं पत्र्याच्या पेटीतून फॉर्म वन-फोर्टीन, म्हणजे आमच्याकडचा सातबारा, काढून दाखवला. सर्व्हे नंबर, काकांचं नाव, खाजनाच्या रकान्यात क्षेत्रफळ मीटरांत. दरवर्षी नवा उतारा काढते, जुन्याच्या वर ठेवते. मी तिला तुवालूबद्दल सांगितलं, घटनेत त्यांनी काय लिहिलं आहे तेही. तिनं मन लावून ऐकलं.

"बांध घालत नाहीत ते?"

"घालतात. फुनाफुटीला समुद्रात वाळू भरून सात हेक्टर नवी जमीन केली त्यांनी."

"सत्तर हजार मीटर," आत्या म्हणाली. उताऱ्याची घडी मूळच्या रेषांवर घालून तिनं तो पेटीत ठेवला. "आणि मानस? मानस ठेवली का तिला?"